नाताळातलं बारसं

“म्हणजे आम्ही काय इथं लॉबीतच नाताळ करायचा का?” ठाण्याहून आलेल्या गृहस्थांनी विचारलं आणि काउंटरवर अशी थाप मारली की शेजारचं प्लॅस्टिकचं ख्रिसमसचं झाड आडवं झालं.

मी झाड उभं केलं, हसले आणि म्हटलं, “सर, पाचच मिनिटं.” आमच्या धंद्यात पाच मिनिटं कुणी घड्याळ लावून म्हणत नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. तरी तो मनगटाकडे बघतो आणि मग आणखी चिडतो.

पंचवीस डिसेंबरची भर दुपार होती. काशीदच्या अलीकडे, मुरुडच्या रस्त्याला लागून आमचं रिसॉर्ट आहे. नारळाच्या वाडीत दोन मजली इमारत, पुढे हिरवळ, आणि खोलीतून समुद्र दिसतो असं वेबसाइटवर लिहिलेलं आहे. गच्चीवर चढून मान वाकडी केली तर दिसतोही. मी तिथे फ्रंट ऑफिसला आहे. मृणाल, मूळची माणगावची. जगाला सुट्टी असते तेव्हा आम्हाला नसते, हे कामाला लागले त्याच वर्षी कळलं होतं. पहिल्या दिवाळीला बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आता आईच शेजारणींना सांगते, “आमची मृणाल सणाला येत नाही, सण झाल्यावर येते.”

त्या दिवशी सकाळी साळावच्या पुलावर एक लक्झरी बस बंद पडली आणि अलिबागकडचा रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबला. पहाटेच निघालेले शहाणे लोक त्याच्या आधीच पूल ओलांडून आमच्या लॉबीत येऊन बसले होते. आणि ज्यांनी अकराला खोल्या सोडायच्या, ते त्यांच्याहून शहाणे लोक “पूल मोकळा झाला की निघू” म्हणत गाद्यांवर पुन्हा आडवे झाले होते. शेठना जुन्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी सगळ्यांना “आपलंच घर आहे” असं सांगितलं आणि स्वतः मासळी आणायला निघून गेले. आता वर जुने, खाली नवे आणि मध्ये मी. खाली बॅगा, हवा भरलेली गुलाबी बदकं, आणि कंटाळून एकमेकांना चावायला निघालेली मुलं.

मी इंटरकॉम उचलला. “नूतनताई, ही माणसं मला खातील आता.”

“कोकम सरबत दे त्यांना,” वरून जाड आवाज आला. “पोट भरलेला माणूस माणसाला खात न्हाय. आणि पोरांना केळी दे. माझ्या खात्यातनं घेतली म्हणून सांग.”

नूतनताईंच्या खात्यात केळी येत नाहीत. त्यांचं खातं हाउसकीपिंगचं. पण कुणाची भूक दिसली की ती आपल्याच खात्यात धरायची, अशी त्यांची रीत आहे.

नूतनताई म्हणजे उंच, रुंद खांद्यांची, पन्नाशीकडे झुकलेली बाई. आवाज असा की फोनवर ऐकून पाहुणे “हां भैया” म्हणतात. त्यांच्या हाताखालच्या मुली चादरी घालतात, लाद्या पुसतात, नळ चमकवतात. पण ‘खोली झाली’ हे त्यांनी म्हटल्याशिवाय खोली होत नाही. त्या काय करतात, तर सगळं आवरून झालं की बाहेर जातात, दार ओढून घेतात, चपला काढतात आणि पाहुण्यासारख्या आत येतात. पाच-सहा तास गाडीत पाय दुमडून बसलेल्या माणसासारख्या. मग पलंगावर बसतात आणि एकदा श्वास सोडतात. तो श्वास नीट सुटला तर खोली झाली. नाहीतर मुलींना हाक. मी हॉटेल मॅनेजमेंट शिकले, तिथे हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि शिकवूनही आलं असतं असं वाटत नाही. त्यासाठी माणसाला दुसऱ्याचे पाय दुखलेले कळावे लागतात.

त्या दुपारी मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आणि का ते मला एकटीलाच माहीत होतं. संध्याकाळी दिवेलागणीला चौलच्या मागच्या अंगाला, त्यांच्या माहेरी, त्यांच्या भाचीचं बारसं होतं.

त्यांना एकच भाऊ, धनेश. आई गेली तेव्हा धनेश रांगत होता आणि नूतनताई शाळेत होत्या. शाळा सुटली ती सुटलीच. भावाला त्यांनी कडेवर वाढवला. पुढे त्यांचं लग्न झालं, नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, तो अपघातात गेला. मूल नव्हतं. मग माहेरी परतल्या, आणि मिठागरं मोडून रिसॉर्ट उभी राहायला लागली तशा या धंद्यात आल्या. धनेश आता न्हावा शेव्यालाच एका गोदामाच्या ऑफिसात आहे. त्याला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली. त्याच्या बायकोला, प्रणालीला, आई नाही. म्हणून बाळंतपण सासरीच झालं, आणि ते नूतनताईंनीच केलं. त्यात त्यांची सगळी रजा संपली.

बारसं पंचवीसलाच का, तर त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. भावकीतले निम्मे लोक बंदराकडे नोकरीला, कुणी मुंबईला. नाताळची सुट्टी म्हणजे सगळे गोळा होतात. एका नूतनताईंनाच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि आलं तेव्हा निरोप जाऊन बसले होते.

यात आणखी एक काटा होता. नूतनताईंची चुलती येसूबाई. दवाखान्यातच ती म्हणाली होती, “पहिलं लेकरू हाय रं धनेश. नाव सवाशिनीनं ठेवलेलं बरं. माझी क्रांती हाय की.” क्रांती म्हणजे तिची लेक, नात्याने तीही आत्याच. नूतनताई तिथेच बाळाचे लंगोट वाळत घालत होत्या. धनेश म्हणाला, “नाव माझी बायच ठेवंल. न्हायतर पोर बिननावाची राहील.” बाय म्हणजे मोठी बहीण. आणि तो नूतनताईंना म्हणाला, “नाव तू शोध. मना पण सांगू नको. एकदम कानातच ऐकू दे तिला.”

हे सगळं त्यांनी मला उशांचे अभ्रे चढवता चढवता सांगितलं होतं. चुलतीवर राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. पण ‘माझी बायच ठेवंल’ हे त्यांनी दोनदा सांगितलं. विधवा बाईला पाळण्याजवळ उभं राहायचं म्हणजे आपल्याकडे अजून कुणीतरी बाजू घ्यावी लागते, आणि त्यांची बाजू त्यांनी कडेवर वाढवलेल्या भावाने घेतली होती. त्या दिवसापासून ते नाव त्या पोटात घेऊन फिरत होत्या. मी खोदून खोदून विचारलं. पत्ता लागू दिला नाही.

“मग बिनपगारी रजा मागा ना,” मी म्हटलं होतं.

रजा मागता येत नव्हती, कारण सेवेरीन.

सेवेरीन आमची दुसरी सुपरवायझर, कोर्लईची ख्रिश्चन बाई. या दोघींचा एक करार आहे, कुठल्याही कागदावर नसलेला. गौरी-गणपतीत सेवेरीन कामावर, नाताळात नूतनताई. हा करार त्यांनी कधी मोडला नाही. शेठ दरवर्षी कुरकुरतात, “सीझनला सुपरवायझर सोडायची म्हणजे दुकान उघडं टाकून जत्रेला जायचं.” आणि दरवर्षी नूतनताई म्हणतात, “शेठ, मी हाय ना.” या तीन शब्दांवर सेवेरीनला नाताळ मिळतो. यंदा तर तिचा मुलगा घरी होता. तो बोटीवर स्वयंपाकी आहे. आजवर त्याचे नाताळ पाण्यावरच गेले होते. चोवीसला दुपारी निघताना सेवेरीनने विचारलं, “नूतन, तुझ्या भाचीचं बारसं कधी गं? मला सांगितलंच नाहीस.”

“अठ्ठावीसला,” नूतनताईंनी पापणी न हलवता सांगितलं. मी तोंड उघडलं तर मला कोपरखळी बसली.

त्यांचा बेत साधा होता. दुपारी दोनला नव्या पाहुण्यांना खोल्या मिळाल्या की त्यांचे चार-पाच तास मोकळे. शेठनी हो म्हटलं होतं. धनेश मोटरसायकलवर न्यायला येणार, बारसं झालं की रात्रीच्या कामाला आणून सोडणार. चादरींच्या खोलीत एका पिशवीत जांभळी साडी घडी करून ठेवलेली होती. पण दोन वाजले, तीन वाजले, आणि एकही खोली रिकामी होईना.

चारच्या सुमाराला पूल मोकळा झाला आणि आमचे शहाणे लोक एकदम उठले. जणू शाळा सुटली. अख्खा खालचा मजला आणि वरचा निम्मा एका दमात रिकामा झाला. मी चाव्या गोळा करत मागच्या जिन्याने वर गेले. एकेक खोली म्हणजे बघत राहावी अशी होती. न्हाणीघरात वाळू, गादीवर चिवडा, एका ठिकाणी टॉवेलने बूट पुसलेले. कामाला दोनच मुली. एक कमळ, जरा सरावलेली, आणि दुसरी महिन्यापूर्वी आलेली, जिला चादरीचा कोपरा अजून दुमडता येत नव्हता.

नूतनताईंचा फोन वाजला. हात चादरीत होते, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकायला मला खूण केली.

“बाय, पूल सुटला,” धनेश ओरडून बोलत होता. मागे माणसांचा गलका होता. “मी गाडी काढतो. आलोच.”

“येऊ नको.”

“म्हंजे?”

“खोल्या आता रिकाम्या झाल्या रं. माणसं दुपारपासनं खाली बसलीत, पोरं घेऊन.”

“अगो पन काकी टपलीच हाय. तू न्हाय आलीस तर क्रांतीला उभी करंल. आनि वर गावभर सांगंल, बघा, नूतनला सोताला पटलं म्हनून ती आली न्हाय.”

नूतनताईंचा हात थांबला. हे त्यांच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

“म्हणू दे,” त्या म्हणाल्या. “तू दिवे लागले की मना फोन लाव. तोंड दिसंल असा लाव. मग बघू.”

फोन बंद झाला. मी म्हटलं, “मी सेवेरीनला बोलावते. कोर्लई काय सातासमुद्रापार आहे? रिक्षाने येईल, दोन तास बघेल, जाईल.”

“हात लावशील फोनला तर बघ.”

“अहो, पण ती आनंदाने येईल.”

“येईल ना! तीच भीती हाय गो.” नूतनताईंनी उशी अशी झटकली की तिच्यातला कापूस जागा झाला. “बोलावली की जेवत्या ताटावरनं उठून येईल. पोरगा तिकडं ताट धरून बसंल. आणि शेठ काय म्हणंल? पुढल्या साली म्हणंल, गेल्या वेळी एकटीला झेपलं न्हाय, आता दोघी पायजेत. मग तिचा नाताळ गेला तो कायमचाच गेला. मी काय सांगून बसलेय त्यांना? मी हाय ना म्हणून. आज हाय तर हाय.”

“आणि तुमचं बारसं?”

“त्या पोरीला नाव ठेवाया घरभर माणसं हायत,” त्या म्हणाल्या. “या खोल्यांना कोण हाय?”

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते लपवले नाहीत; हात मोकळे नव्हते. मला मात्र तिथे उभं राहवेना. मी खाली जाऊन काउंटरवर ‘पाच मिनिटांत येते’ अशी पाटी ठेवली, ब्लेझर खुर्चीला अडकवला आणि वर येऊन टॉवेल वाटायला लागले.

माणूस काम करताना सुंदर दिसतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि मला ते नेहमी आळशी माणसांनी काढलेलं वाक्य वाटायचं. त्या संध्याकाळी पटलं. नूतनताई धावत नव्हत्या. धावल्या असत्या तर मुली घाबरल्या असत्या. नव्या मुलीला त्यांनी एकच काम दिलं, वाळू. “तू फक्त वाळू बघ. बाकी जग बुडू दे.” कमळ पलंगाच्या एका बाजूला, त्या दुसऱ्या बाजूला; चादर हवेत फुगायची आणि खाली यायच्या आत तिचे कोपरे गेलेले असायचे. आणि एवढ्या घाईतही प्रत्येक खोलीला त्या बाहेर गेल्या, चपला काढल्या, आत आल्या, पलंगावर बसल्या, श्वास सोडला. एकदा मी म्हटलं, “आज राहू दे ना हे.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप साबणाच्या वड्या मोजायला लागले.

ठाण्याचे गृहस्थ शेवटी आपल्या खोलीत गेले. दोन मिनिटांत फोन आला. मला वाटलं, तक्रार. ते म्हणाले, “मॅडम, चहा पाठवा,” आणि मग जरा थांबून, “खोली छान आहे हो.” उपकार म्हणून बोलले, पण बोलले. मी ते वर जाऊन नूतनताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्याचे पाय सुजले होते गो. बघितलेस?” मी बघितले नव्हते. मी त्याचं तोंड बघत बसले होते.

साडेपाच वाजून गेले. आता निघून काही उपयोग नव्हता. रस्त्यावर अजून गाड्यांची माळ होती, पोचेपर्यंत पाळणा हलून थांबला असता. नूतनताई जिन्याने खाली आल्या आणि हिरवळीवरचा आक्रोश ऐकून थबकल्या.

“आता काय पायजे यांना?”

“सांताक्लॉज,” मी म्हटलं. “अलिबागहून एक जण यायचा होता. तो म्हणे पुलावरून कंटाळून परत गेला.” सांताचा झगा आमच्याकडे कपाटात होता, आत घालायला माणूस नव्हता. आचारी भट्टीसमोर, वेटर सगळे काटकुळे आणि जेवणाच्या टेबलांमागे. मासळी घेऊन परतलेल्या शेठनी दम्याचं कारण सांगितलं. मुलं दुपारपासून ‘सांता येणार’ या एका आशेवर टिकली होती, आणि आता त्यांचा धीर सुटला होता. एक छोटी तर झाडाखाली आडवी पडून पाय झाडत होती.

नूतनताईंनी तिच्याकडे बघितलं. “आण तो झगा,” त्या म्हणाल्या.

कमळने त्यांना चादरींच्या खोलीत नेऊन सजवलं. लाल मखमली झगा त्यांना असा बसला की जणू मापानेच शिवलाय. दाढीमिशीची दोरी तुटलेली होती, म्हणून कमळने ती डिंकाने गालांवर चिकटवली. पोटाशी एक उशी. आणि मग आमची ही आगरी बाई खांद्यावर पोतं टाकून हिरवळीवर गेली आणि त्या जाड आवाजात “हो हो हो” म्हणाली, तेव्हा वाडीतले कावळे उडाले आणि पोरं हर्षाने किंचाळली.

एका चष्मेवाल्या मुलाने संशयाने विचारलं, “सांता, तुमचं रेनडिअर कुठेय?”

“साळावच्या पुलावर अडकलंय,” सांता म्हणाला. “मी चालत आलो.”

मुलाला ते लगेच पटलं. तोही दुपारभर त्याच पुलावर अडकून नुकताच पोचला होता.

त्या पाय झाडणाऱ्या छोटीला त्यांनी उचलून कडेवर घेतलं आणि तिला घेऊनच बाकीच्यांना खेळणी वाटली. मी कठड्याशी उभी राहून बघत होते, आणि पुन्हा चढवलेल्या ब्लेझरच्या खिशात, झगा घालताना त्यांनी माझ्याकडे दिलेला फोन थरथरला. पडद्यावर धनेशचं नाव.

मी धावले. छोटीला कमळकडे दिलं, पोतं माझ्या हातातून वेटरकडे गेलं, आणि आम्ही दोघी चादरींच्या खोलीत शिरलो. मी दार लावून फोन त्यांच्यासमोर धरला.

पलीकडे घर भरलेलं होतं. झेंडूच्या माळा घातलेला पाळणा, त्याच्याभोवती नटलेल्या बायका, आणि पुढे धनेशचं घामेजलेलं तोंड.

“बाय?” तो म्हणाला. मग मागे सरकला. “कोन हाय हो तुमी?”

“मीच हाय रं!”

त्याच्या खांद्यावरून एक म्हातारा चेहरा पुढे आला. नाकात मोठी नथ, कपाळावर आडवं कुंकू. येसूबाई. तिने डोळे बारीक करून पडद्यात बघितलं. “ही गो कोन दाढीवाली?”

नूतनताईंनी दाढी ओढली. ती हलेना. पुन्हा ओढली, गाल ताणला गेला, डोळ्यांत पाणी आलं. “निघत न्हाय गो,” त्या मला म्हणाल्या, इतक्या अगतिकपणे की मला हसू फुटलं. मग पलीकडे कुणीतरी हसलं, आणि मग सगळं घरच हसायला लागलं. प्रणाली बाळाला मांडीवर घेऊन हसत होती. येसूबाई पोट धरून खाली बसली.

“आत्याबायला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आमी म्हनाचो,” ती धापा टाकत म्हणाली. “हितं तर खरोखर आल्या की गो!”

हसू ओसरलं तसा धनेश म्हणाला, “काकी, नाव बायच ठेवंल. फोनावरनं.”

पाळण्याच्या पलीकडे क्रांती हातात तबक घेऊन उभी होती, जरीच्या साडीत. तिने खाली बघितलं. नूतनताई मागणाऱ्यातल्या नव्हेतच. त्या झग्यात नुसत्या ताठ उभ्या होत्या.

येसूबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. तिने पुन्हा एकदा त्या दाढीमिशीकडे बघितलं. तिच्या तोंडावर हसू अजून थोडं राहिलं होतं.

“मिशा आल्यावर आता सवाशीन कसली न् काय कसली बघाची?” ती म्हणाली. “आन तो फोन हिकडं. तुमाला न्हाय धराया येनार, पोरीच्या कानाला लागंल.”

तिने बाळाला पाळण्यात घातलं. नूतनताईंनीच शिवून पाठवलेली लाल कुंची बाळाच्या डोक्यावर होती. येसूबाईने ती कानावरून बाजूला केली. मग पडद्यावर अंधार झाला. फोन बाळाच्या कानाशी गेला होता. त्या अंधारातून फक्त श्वास ऐकू येत होता, लहानसा, भरभर चाललेला.

नूतनताईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून ओठांशी नेला. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकतेय. जिन्यातून, इंटरकॉमवरून, हिरवळीच्या पार टोकावरून. तो इतका हलका होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

“कुर्रर्र,” त्या म्हणाल्या. “वेणू. तुझं नाव वेणू हाय गो बाय.”

वेणूबाई त्यांची आई. धनेशला तिचा चेहराही आठवत नाही. पण येसूबाईला आठवत असणार. ती तिची जाऊ. एका चुलीवर दोघींनी भाकऱ्या भाजलेल्या. मग त्या म्हातारीने नाव मोठ्याने उच्चारलं, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि मध्येच तिचा आवाज चिरकला. धनेश “काय? काय म्हनली?” विचारत होता. कुणीतरी त्याला सांगितलं. नंतर नाक ओढल्याचा आवाज आला.

आणि मग गुद्दे सुरू झाले. आत्याने कानात कुर्र केलं की बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घालायचे, ही आपल्याकडची रीत. आणि पाळण्यावर वाकलेली पाठ येसूबाईची होती. धपाधप आवाज यायला लागला. बायका खिदळत होत्या.

“अगो मना कनाला मारताव?” येसूबाई ओरडली. “आत्या तिकडं हाय!”

मी हसत वळले. नूतनताईंना म्हणणार होते की ऐका, ऐका.

त्यांनी फोन चादरींच्या घडीवर ठेवला होता. त्या फळीला दोन्ही हात टेकून खाली वाकल्या होत्या. मान घातलेली, लाल पाठ वर केलेली. आत्या वाकते तशा. हे त्यांनी ठरवून केलं नसावं. नाव घेतल्याबरोबर अंगच वाकलं असावं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बारशाला त्यांनी हेच बघितलेलं होतं. पलीकडे बायका मारत होत्या, आणि इथे त्यांच्यामागे चादरी, टॉवेल, अभ्रे, आणि एक मी.

मला एकदम रडूच आलं. मी पुढे झाले आणि त्यांच्या पाठीवर हात मारला. धूळ झटकावी तेवढाच.

“मृणाल,” त्या खालूनच म्हणाल्या, “नीट मार गो. आत्या हाय मी.”

मी मूठ वळली आणि मारली. मग दुसरी मारली, जोरात, माझ्या सख्ख्या आत्याला मारली होती तशी. हिरवळीवरून मुलं “सांता, सांता” म्हणून हाका मारत होती. माझा हात दुखायला लागला तेव्हा मी थांबले. त्या तशाच वाकून राहिल्या.